पक्षी, कॅमेरा आणि मायणीचं तळं

मराठी विभागासाठी लेख दे असं सांगितल्यावर मला घामच फुटला. दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सांभाळून घ्या! पण विषय माझ्या आजोळचा आहे, म्हणून मराठीतच लिहिते.

आजोळ म्हणजे मायणी, तालुका खटाव, जिल्हा सातारा. आपल्या सांगलीहून तासगाव, विटा करत एस.टी.ने जायचं. सगळा पर्जन्यछायेतला दुष्काळी पट्टा. त्यात इंग्रजांच्या काळातला हा तलाव, आणि हिवाळ्यात तिथे उतरणारे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. त्यांच्यामुळे गावाचं नाव लांबवर गेलं. मी स्वतः मात्र मायणीत एकही रोहित पाहिलेला नाही. उघड्या माळांवरची माती दर पावसाळ्यात वाहून आली, तळं गाळाने भरत गेलं, बाभळी माजल्या. रोहितांनी मग जवळच्या येरळवाडी, सूर्याचीवाडीच्या पाण्याकडे मोर्चा वळवला. 2021 मध्ये शासनाने मायणी परिसराला पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित केलं, पण कागदावरच्या घोषणेने गाळ काही हलत नाही.

सेकंड इयरला मामाचा जुना कॅमेरा आणि 300 मिमीची लेन्स माझ्या हाती आली. सबमिशन संपवून मायणी गाठली आणि पोटावर झोपून शेकाट्याचा फोटो काढला. लांब गुलाबी पाय, मागे निळंशार पाणी. हॉस्टेलवर सगळ्यांनी वाहवा केली. आजोबांना दाखवला तर म्हणाले, "ह्ये कुठलं गं तळं? आपल्या हितलं न्हाय वाटत."

साठ-पासष्ट वर्षं त्या तळ्याकाठी काढलेला माणूस, आणि त्याला स्वतःचं तळं ओळखू येईना! कसं येणार? फ्रेममध्ये मी जेमतेम दोन-तीन मीटर पाणी घेतलं होतं. डावीकडची चिखलाची भेगाळलेली जमीन, उजवीकडची बाभूळ, मागचा कोरडा उतार, सगळं मीच हौसेने कापून टाकलं होतं. माझ्या फोटोत तळं काठोकाठ भरलेलं होतं.

आता थोडं तंत्र. पक्षी उडत असेल तर शटर 1/1000 सेकंद किंवा त्याहून वेगवान हवा. सूर्य आपल्या पाठीमागे, कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला, आणि फोकस त्या डोळ्यावरच. पांढरा बगळा मात्र हमखास फसवतो. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरी करड्या रंगाचं आहे असं गृहीत धरतं. त्यामुळे गडद पाण्यासमोर बगळा असला की कॅमेरा जास्त प्रकाश घेतो आणि पिसांचा नुसता पांढरा ठिपका उरतो. तिथे एक्स्पोजर एखादा स्टॉप कमी करावं.

खरी परीक्षा अंतराची. सेन्सरवरची प्रतिमा = फोकल लेंथ × पक्ष्याची उंची ÷ अंतर. रोहित 1.3 मीटर उंच, आपण 130 मीटरवर, लेन्स 300 मिमी. उत्तर आलं 3 मिमी. साध्या डी.एस.एल.आर.च्या सेन्सरची उंची साधारण 15 मिमी, म्हणजे पक्षी फ्रेमच्या एक पंचमांश. दुप्पट मोठा हवा तर अंतर निम्मं करा! गणितात हे सोपं आहे. येरळवाडीला मी तेच करायला गेले. चिखल तुडवत पुढे सरकले तशा चरणाऱ्या रोहितांच्या माना वर आल्या. मग थवा चालू लागला. मी अजून चार पावलं टाकली. पाण्यावरून धावत धावत सगळा थवा उठला आणि निघून गेला. फोटो झकास आला, पण कुणाला दाखवावासा वाटत नाही. उलट्या चोचीने चिखलपाणी गाळून पोट भरणारा पक्षी. त्याचं तासाभराचं चरणं मी एका क्लिकसाठी मोडलं. माना वर आल्या की थांबायचं, हे तेव्हा कळलं. पक्षी छोटा दिसला तर दिसू दे.

आणि छोटाच दिसणार असेल तर आजूबाजूचं तळं तरी नीट घ्यावं ना! इथे सिव्हिलचा अभ्यास (कधी नव्हे तो) कामाला आला. सर्वेइंगमध्ये बेंचमार्क असतो तसा मी मायणीच्या बांधावर एक दगड ठरवला. त्याच दगडावर उभं राहायचं, त्याच 18 मिमीला, समोरचं तेच ठरलेलं झाड फ्रेमच्या डाव्या कडेला धरायचं. दर महिन्याला एक फोटो, तारीख वहीत. पाणी कुठपर्यंत आहे ते त्या झाडावरून वाचता येतं, अगदी स्टाफ वाचावा तसं. पक्षी त्यात ठिपक्याएवढे असतात, पण झूम करून मोजता येतात. फोटो म्हणून हे अत्यंत कंटाळवाणे आहेत हे कबूल!

आत्तापर्यंत असे सात जमले (परीक्षेमुळे दोन महिने बुडाले). मागच्या खेपेला सातही प्रिंट आजोबांपुढे मांडल्या. या वेळी त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही. एका फोटोतल्या बाभळीच्या गचपणावर बोट ठेवून म्हणाले, "हितं आमी म्हसरं धुवायचो. कमरंएवढं पानी आसायचं." ती जागा मी वहीत खूण करून ठेवली आहे.

पुढच्या फेरीला कुणाला यायचं असेल तर लेडीज हॉस्टेलवर निरोप ठेवा. पहाटेची एस.टी. पकडायची आहे. गडद कपडे घाला, आणि चिखलात गेली तरी चालेल अशी चप्पल आणा.