उक्ते काम आणि त्याची हद्द

घरून स्वतंत्रपणे काम करणारी मंडळी आपल्यात आता बरीच झाली आहेत. कोणी वेबसाइट करून देते, कोणी भाषांतर, कोणी हिशेब लिहून देते. मी क्वीन्समध्ये राहून छोट्या कंपन्यांसाठी त्यांच्या वस्तूची ओळख करून देणाऱ्या ॲनिमेशन फिल्म करते; एखादे नवे ॲप कसे वापरायचे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आतून कसे चालते, हे मिनिटभरात दाखवायचे. या कामाचे पैसे बहुधा उक्तेच ठरतात. म्हणून त्याची हद्द कशी आखावी, याबद्दल थोडे सांगते. आपला धंदा वेगळा असला तरी यातले बरेचसे त्याला लागू पडेल.

उक्ते काम म्हणजे किती तास लागले हे न पाहता एकच रक्कम. गिऱ्हाईकाला हे आवडते, कारण त्याचा खर्च आधीच ठरतो. आपल्यालाही ते बरे, कारण हात चपळ झाला की कमाई वाढते. पण धोका सगळा आपल्या बाजूला येतो. समजा, ६,००० डॉलरला काम घेतले आणि ८० तास धरले. तासाला ७५ डॉलर पडले. मग 'एवढे जरा करा ना' असे म्हणत आणखी ५० तास गेले, तर तोच दर ४६ डॉलरवर येतो. त्यातून स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर, वर प्राप्तिकर, आरोग्य विम्याचा हप्ता आणि सॉफ्टवेअरचे भाडे. नोकरीत निम्मा सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर मालक भरतो. इथे मालकही आपणच.

तेव्हा पहिली गोष्ट, काम मोजता येईल अशा भाषेत लिहावे. 'एक छोटी, आकर्षक फिल्म' हे वर्णन झाले, माप नव्हे. मी लिहिते: लांबी ६० सेकंदांपर्यंत, निवेदन १५० शब्दांपर्यंत. इंग्रजी निवेदन सावकाश, समजेल असे वाचले तर मिनिटाला साधारण तेवढेच शब्द बसतात. गिऱ्हाईकाने २३० शब्दांची संहिता पाठवली, तर ती दीड मिनिटाची फिल्म झाली, आणि काम दीडपट झाले. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर ६० सेकंदांच्या १,४४० होतात. प्रत्येक चौकट वेगळी काढावी लागत नाही हे खरे, पण ३० सेकंद वाढवणे म्हणजे काय, हे हा आकडा सांगितला की समोरच्याला लगेच उमगते. किती दृश्ये, किती पात्रे, द्विमिती की त्रिमिती, हेही तिथेच लिहावे. बोलणारे, चालणारे पात्र आणि नुसता सरकणारा बाण यांच्या मेहनतीत जमीनअस्मानाचा फरक असतो.

आता फेरफारांकडे येते, कारण खरी झीज तिथेच होते. फिल्म पायरीपायरीने होते: संहिता, मग स्टोरीबोर्ड, मग रंग आणि शैली ठरवणारी दोन-तीन चित्रे, निवेदकाचा आवाज, प्रत्यक्ष ॲनिमेशन आणि शेवटी संगीत. संहितेतले एक वाक्य बदलायला पाच मिनिटे लागतात. तेच वाक्य ॲनिमेशन झाल्यावर बदलायचे तर निवेदकाला पुन्हा बोलवावे लागते, त्याचे वेगळे पैसे होतात. नवे वाक्य जुन्याहून दोन सेकंदांनी लांब निघाले की पुढची सगळी दृश्ये सरकतात आणि संगीताचे ठोके चुकतात. म्हणून प्रत्येक पायरीवर लेखी मंजुरी घ्यावी, आणि मंजूर झालेली पायरी पुन्हा उघडली तर वेगळा आकार पडेल असे करारातच म्हणावे. फोनवरचे 'छान आहे, चालू द्या' ही मंजुरी मी धरत नाही. फोन संपला की दोन ओळींचा ई-मेल पाठवते आणि त्यावर होकार मागते.

प्रत्येक पायरीला दुरुस्तीच्या दोन फेऱ्या पुरतात, असा माझा अनुभव आहे. पण 'फेरी' म्हणजे काय, हे लिहिले नाही तर दोनच्या वीस होतात. एका व्यक्तीने, सगळ्यांची मते गोळा करून, एका यादीत पाठवलेल्या सूचना म्हणजे एक फेरी. ती व्यक्ती कोण, तिचे नाव करारात हवे. ज्यांनी मंडळाच्या नाटकाची तालीम पाहिली आहे, त्यांना दहा दिग्दर्शक असले की काय होते हे सांगायला नको. मार्केटिंगवाल्यांना निळा रंग हवा असतो, विक्रीवाल्यांना लाल, आणि मालक शेवटच्या दिवशी पहिल्यांदा फिल्म पाहतात! त्यांचे एकमत करणे हे आपले काम नव्हे. मात्र शुद्धलेखन चुकले, किंवा मंजूर स्टोरीबोर्डपेक्षा आपण वेगळे काही केले, तर ती आपली दुरुस्ती. ती फेरीत मोजू नये. हा न्याय दोन्हीकडे असला की गिऱ्हाईकही नियम आनंदाने पाळते.

वस्तूच्या फिल्ममध्ये आणखी एक खास अडचण असते, ती म्हणजे वस्तूच बदलते. एका कंपनीचे ॲप दाखवणारी फिल्म मी करत होते. ॲनिमेशन निम्मे झाल्यावर त्यांनी ॲपचा पडदाच नव्याने मांडला. बटणे हलली, रंग बदलले. करारात एक तारीख होती: 'या दिवशी दिलेली पडद्यांची चित्रे अंतिम धरली जातील.' त्या एका ओळीमुळे वादच झाला नाही. वाढीव बिल गेले आणि ते भरलेही गेले. यंत्र असेल तर त्याची संगणकावरची त्रिमितीय आकृती कोण देणार आणि कधी, हे असेच लिहावे. ती नसेल आणि आपणच बनवायची असेल, तर ते स्वतंत्र काम आहे.

शेवटी काय सुपूर्द करायचे, तेही मोजून सांगावे. आडवी फिल्म ठरली असताना 'फोनसाठी उभीही द्या' ही मागणी हमखास येते. १६ बाय ९ ची चौकट नुसती कापून ९ बाय १६ होत नाही. मजकूर कडेला जातो, दृश्ये पुन्हा मांडावी लागतात. स्पॅनिश आवृत्तीचेही तसेच. स्पॅनिश निवेदन इंग्रजीपेक्षा बहुधा लांब होते, म्हणजे वेळा पुन्हा जुळवणे आले. संगीताचा आणि निवेदकाच्या आवाजाचा परवाना फक्त वेबसाइटपुरता की टीव्हीच्या जाहिरातीलाही, हे आधीच विचारावे. परवान्याची किंमत त्यावर ठरते.

गिऱ्हाईकाच्या गप्प बसण्यालाही हद्द हवी. मी पाच कामाचे दिवस देते. त्यात उत्तर आले नाही तर पुढची तारीख तेवढी सरकते, आणि ३० दिवस शांतता राहिली तर झालेल्या कामाचे बिल जाते.

हे सगळे लिहूनही वाढीव मागणी येतेच. त्या वेळी आपला भिडस्तपणा आड येतो. भीड ही भिकेची बहीण, हे आपल्या आज्या सांगून गेल्या, पण परदेशात, परक्या भाषेत 'नाही' म्हणणे जड जाते. माझ्या मते 'नाही' म्हणण्याची गरजच नाही. मी एवढेच लिहिते: 'हो, करता येईल. हे मूळ कामात धरलेले नाही. याला ६ तास, ४५० डॉलर आणि ३ दिवस जास्त लागतील. आपला लेखी होकार आला की सुरू करते.' पुष्कळदा ती मागणी तिथेच विरते. कधी एखादी गोष्ट फुकट करून द्यावीशी वाटली तर जरूर द्यावी, पण बिलात तिची किंमत लिहून पुढे 'सवलत' म्हणून वजा दाखवावी.

कायदाही थोडा माहीत असावा. न्यूयॉर्क शहरात २०१७ पासून ८०० डॉलर किंवा त्याहून अधिकच्या स्वतंत्र कामाला लेखी करार बंधनकारक आहे, आणि पैसे देण्याची तारीख ठरलेली नसेल तर काम पुरे झाल्यापासून ३० दिवसांत ते मिळायला हवेत. न्यूयॉर्क राज्याने २०२४ च्या ऑगस्टपासून तसाच कायदा लागू केला. इलिनॉयमध्ये २०२४ च्या जुलैपासून आणि कॅलिफोर्नियात २०२५ च्या जानेवारीपासून असे कायदे आहेत. व्हिसावर असलेल्यांनी मात्र कामाचा परवाना असल्याखेरीज असे काम घेऊच नये, मग ते घरबसल्या का असेना.

मालकी हक्काचे कलमही वाचून पाहावे. १९७६ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या स्वतंत्र माणसाकडून करवून घेतलेल्या फिल्मचे हक्क आपोआप गिऱ्हाईकाचे होत नाहीत. त्याला लेखी आणि सही केलेला कागद लागतो. मी हक्क सोपवण्याची अट शेवटच्या हप्त्याशी बांधते. ४० टक्के इसार, स्टोरीबोर्ड मंजूर झाल्यावर ३०, उरलेले ३० अंतिम फाइल देण्यापूर्वी. तोवर गिऱ्हाईकाला पाहायला दिलेल्या प्रतीवर माझा शिक्का असतो. ॲनिमेशनच्या मूळ फाइली या रकमेत येत नाहीत. त्या हव्या असतील तर त्यांची किंमत मी पहिल्याच अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीवर लिहिते.