चुलीतले निखारे आणि आमची शेगडी



गेल्या हिवाळ्यात तुमच्या देणगीतून आम्ही कर्नाळ्याच्या पायथ्याच्या एका कातकरी वाडीत शेगड्या वाटल्या. चुलीत उरलेले निखारे वाया जाऊ नयेत, बाळंतिणींना ऊब मिळावी, हा हेतू. वाटताना मीच म्हणाले होते, "रात्री निखारे भरून आत ठेवा." ते माझे चुकले. पंधरा दिवसांनी सकाळी गेले तर एका झोपडीचे दार बंद, फटी गोणपाटाने बुजवलेल्या. आईचे डोके ठणकत होते, तिला ओकारी झाली होती, तान्हे मलूल पडले होते. दोघांना आधी उघड्यावर आणले, मग रिक्षाने पनवेलला दवाखान्यात नेले. देवाच्या दयेने दोघे वाचली.

निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्धोक वाटतो. पण कोंडलेल्या जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तात प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. (योहानाच्या शुभवर्तमानात कोळशांचा विस्तव दोनदा येतो, प्रमुख याजकाच्या अंगणात आणि तिबिर्याच्या समुद्रकाठी. दोन्ही ठिकाणी तो उघड्यावर आहे. शिकताना माझे लक्ष फक्त पेत्राकडे होते.)

मग निखारे एवढे साठतात का? हे मला त्या बाळाच्या आजीने शिकवले. कातकऱ्यांना कोळसा शिकवायला जाणे हाच मुळात माझा आगाऊपणा. खैराचा कात काढणारे म्हणून त्यांचे हे नाव. पुढे कित्येक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर कोळसाभट्टीवर जाऊ लागली, ती आजही जातात.

"ताई, जाड ओंडका घातला का जाळ लवकर सरतो, इंगळ मागं राहतो," आजी म्हणाली. लाकडातला वायू ज्वाळेने जळून जातो. उरलेला कोळसा सावकाश जळतो आणि त्याला खालून हवा लागते. तळाशी राख साचली की हवा पोहोचत नाही. वर नवी लाकडे रेटली की चुलीचे तोंड भरते आणि घरभर धूर होतो. फुंकणीने फुंकून डोळे लाल होतात, एवढेच.

आजी आधी राख ओढते. निखारे तोंडाशी पुढे घेऊन पसरते आणि त्यांवर एक-दोन बारीक फाटे ठेवते; जाळ धरला की मागचे निखारेही जळून जातात. त्याच निखाऱ्यांसमोर भाकरी उभी करून फुगवते, भात वैलावर मुरत ठेवते. चुलीच्या तळाला लोखंडी जाळी बसवली तर राख खाली पडते आणि हवा मिळते. एवढे करूनही उरलेले निखारे ती पत्र्याच्या डब्यात भरून झाकण घट्ट लावते आणि डबा बाहेर ठेवते. हवा तुटली की ते विझतात. तोच कोळसा पुढे कामाला येतो. चुलीत पाणी ओतायचे नाही, गरम माती तडकते आणि वाफेने हात भाजतो. राखेखालचा निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतो, म्हणून राख गवताजवळ टाकायची नाही.

आमच्या शेगड्या आता ओट्यावर आल्या आहेत. यंदा शेगडीऐवजी घोंगड्या, चुलीच्या जाळ्या आणि झाकणाचे डबे द्यायचे ठरले आहे. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे घरी असतील तर धुऊन आणून द्यावेत. झाकण पत्र्याचेच हवे, प्लास्टिकचे चालणार नाही.