मुक्कामाला जाण्याआधी

एडिसन, एप्रिल

चि. सई हिस,


काल रात्री ताईचा फोन आला आणि मग मला झोपच लागली नाही. तू आईला एवढंच सांगितलंस की गुरुवारी कॉलेजात एका रात्रीचा मुक्काम आहे, होस्ट मुलगी चांगली वाटते. पण मागच्या वर्षी त्याच कॉलेजात राहून आलेल्या, तुमच्या शेजारच्या मुलाची हकिगत आपल्या ओमने घरी सांगितली. होस्टच्या मागे तो फ्रॅटर्निटीच्या घरी गेला आणि पहाटेपर्यंत बाथरूमच्या फरशीवर दुसऱ्या एका पाहुण्या मुलाचं डोकं सावरत बसला. फोन कुणालाच केला नाही. का, तर मिळालेला प्रवेश जाईल! तो दुसरा मुलगा सकाळी शुद्धीवर आला, म्हणून तुम्ही मुलं हे हसत सांगता. मी इमर्जन्सीत काम करते गं. मला हसू येत नाही.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. एमआयटीचा कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड काय, येलचे बुलडॉग डेज काय, एप्रिलमध्ये सगळीकडे हीच गडबड असते. १ मेच्या आत तुमचा होकार हवा असतो, म्हणून कॉलेज आपलं चांगलं तेवढं पुढे करतं. खरं काय ते रात्री होस्टच्या खोलीत, जमिनीवर स्लीपिंग बॅग टाकल्यावरच कळतं. तेव्हा जा. पण सई, तुला ‘नको’ म्हणता येत नाही, आणि माझा सगळा जीव तिथे अडकलाय. गणपतीत पोट बिघडलेलं असताना काकूंना वाईट वाटेल म्हणून तू तिसरा मोदक खाल्लास. गाडीत काय झालं ते मी निस्तरलंय.

तिथे तर तू पाहुणी. वसतिगृहाचं दार होस्टच्या कार्डाने उघडतं, तुझ्याकडे कार्ड नाही. ती जाईल तिथे तुला मागोमाग जावं लागणार. बाहेर थंडी, ओळखीचं कुणी नाही, आणि रात्री अकराला ती म्हणाली, ‘चल, थोडा वेळच’, तर तू काय करशील? म्हणून गेल्या गेल्या, उजेडी, तिला विचारून ठेव की मला लवकर परतायचं झालं तर दार कोण उघडेल. सिक्युरिटीचा आणि प्रवेश विभागाचा रात्रीचा नंबर फोनमध्ये घाल.

दाराचं मी उगाच लावून धरत नाही. १९८६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठात जीन क्लेरी नावाच्या मुलीचा तिच्याच वसतिगृहातल्या खोलीत खून झाला. वय एकोणीस. आपोआप बंद होणारी दारं कुणीतरी मध्ये काहीतरी अडकवून उघडी ठेवली होती. तिचे आईवडील झगडले, म्हणून १९९० मध्ये कायदा झाला आणि आता कॉलेजांना दरवर्षी १ ऑक्टोबरपर्यंत कॅम्पसवरच्या गुन्ह्यांचा अहवाल जाहीर करावा लागतो. तुझ्या कॉलेजचाही असेल. भाऊजींनी फीचे आकडे दहादा वाचलेत, हा अहवाल कुणी उघडला का?

आणि दारू. एकविसाच्या आत ती चालत नाही, तू सहीसुद्धा करून दिलीयेस, ते तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नसेल ते सांगते. पिणं थांबल्यावरही रक्तातली दारू काही वेळ चढत राहते. ‘झोपलाय, झोपू दे’ म्हणून ज्याला सोडतात तो उताणा पडून ओकला तर गुदमरू शकतो. हलवून उठत नसेल, श्वास थांबत थांबत येत असेल, तर कुशीवर वळवायचं, ९११ लावायचं आणि शेजारून हलायचं नाही. कॉलेज काय म्हणेल हा विचार सकाळी. मदतीला बोलावणाऱ्यावर कारवाई करायची नाही असा नियम आता पुष्कळ कॉलेजांत आहे. आणि नसला तरी बोलवायचं. प्रवेश गेला तर गेला, दुसरं कॉलेज मिळेल.

फार बोलले का? बोलू दे. ही भीड आपल्या घरातच आहे, सई. मला इतिहास शिकायचा होता. नानांनी नर्सिंगचा फॉर्म आणला, मी खाली मान घालून सही केली. साताऱ्याहून एसटीने ट्रंक घेऊन हॉस्टेलवर उतरले तेव्हा अंधार पडला होता, आणि त्याआधी ती इमारत मी पाहिलीसुद्धा नव्हती. कामाने मला पुष्कळ दिलं. तरी त्या संध्याकाळी अंगणात नानांपाशी दोन शब्द बोलले असते तर, हे अजून मनात येतं. नाना रागीट नव्हते. कदाचित ऐकलंही असतं.

तुला कुणी न विचारता कुठे नेऊन सोडलेलं नाही, तू स्वतः बघायला निघालीयेस, याचा मला किती आनंद आहे ते ताईशी बोलताना सांगायचं राहिलं. डोळे भरून बघ. वर्गात मागे बस. जेवताना मुलं एकमेकांशी बोलतात की फोनमध्ये असतात, ते बघ. एकटी जेवणारी मुलगी दिसली तर तिच्याशेजारी बस, तिला इथे कसं वाटतं विचार. ती सांगेल ते होस्ट सांगणार नाही.

गुरुवारी रात्रीची ड्यूटी मी बदलून घेतली आहे. फोन उशाशी असेल, गाडीत पेट्रोल भरलेलं असेल. काही झालं नाही, नुसतं तिथे आवडलं नाही, तरी लाव. मी काही विचारणार नाही, येईन. भाऊजींना सकाळी आपण दोघी मिळून सांगू. आणि सगळं छान झालं, कॉलेज आवडलं, रात्रभर गप्पा रंगल्या, तर शुक्रवारी मला सगळ्यात आधी सांग. किती का वाजलेले असेनात.

होस्ट मुलीसाठी चकल्या पाठवतेय, तिखट कमी घातलंय. तुझा डबा वेगळा आहे, तो प्रवासातच संपव, उपाशीपोटी पोचू नकोस.

तुझी,
मावशी