टाळ्या मोजून क्लब निवडू नका

वक्तृत्वाच्या क्लबात नाव घालावं का, हा प्रश्न नवी मुंबईत आता वारंवार कानावर येतो. माझं उत्तर होकाराचं आहे, पण एका अटीवर. भाषण संपल्यावर त्याचं जे मूल्यमापन होतं, ते त्या क्लबात मनापासून आणि नेमकेपणाने होत असलं पाहिजे. तसं होत असेल, तर वर्गणी आणि वेळ दोन्ही सार्थकी लागतात. होत नसेल, तर माणूस वर्षभर बोलतो, टाळ्या घेतो, प्रमाणपत्रं जमवतो आणि कचेरीतल्या बैठकीत पूर्वीइतकाच गप्प बसतो. हे दुसरं फळ पदरी पडलेले लोक सहसा क्लबला दोष देत नाहीत. ‘आपल्यातच ते नाही’ अशी समजूत करून घेऊन ते कायमचे मागे सरतात. मला काळजी वाटते ती या समजुतीची, आणि हे लिहिण्याचं कारणही तेच.

गरज खरी आहे, याबद्दल शंका नाही. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडे हे शहर आखलं गेलं. मूळच्या आगरी-कोळी गावांभोवती घाटावरून, कोकणातून, केरळपासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठून कुठून आलेली कुटुंबं इथे वसली. घरात एक भाषा, लोकलमध्ये दुसरी आणि ऐरोली, महापे, घणसोलीच्या कंपन्यांत तिसरी, असा अनेकांचा दिवस जातो. कामात चोख असलेला माणूस परदेशी ग्राहकासमोर पाच मिनिटं सलग बोलायची वेळ आली की अडखळतो, आणि ज्याला कामापेक्षा बोलणं बरं जमतं तो पुढे जातो. बोलण्याचं बळ कचेरीपुरतंच लागतं असंही नाही. वाशीतल्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाचा ठराव गृहनिर्माण सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत येतो, तेव्हा शंका मनात असूनही ज्यांना उभं राहून ती मांडता येत नाही, त्यांच्या घराचा निर्णय इतर लोक घेतात. म्हणून वसाहतींमध्ये आणि कंपन्यांच्या आवारात टोस्टमास्टर्ससारखे क्लब भरतात, ही चांगलीच गोष्ट आहे.

या क्लबांची पद्धत मुळात विचारपूर्वक बसवलेली आहे. राल्फ स्मेडली या गृहस्थांनी 22 ऑक्टोबर 1924 रोजी कॅलिफोर्नियातल्या सँटा अ‍ॅना इथे वायएमसीएच्या तळघरात टोस्टमास्टर्सचा पहिला क्लब सुरू केला, आणि त्याचा साचा आजही फारसा बदललेला नाही. सभेचे मुख्य भाग तीन. आधी तयारीची भाषणं, मग आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटांचं बोलणं, ज्याला तिथे टेबल टॉपिक्स म्हणतात, आणि शेवटी मूल्यमापन. प्रत्येक कामाला माणूस नेमलेला असतो. नेहमीच्या पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला टायमर हिरवं कार्ड वर करतो, सहाव्याला पिवळं, सातव्याला लाल. आणखी एक जण ‘अ‍ॅ’, ‘म्हणजे’, ‘बेसिकली’, ‘अ‍ॅक्च्युअली’ अशी भर किती वेळा पडली ते टिपून ठेवतो आणि शेवटी वाचून दाखवतो. वेळेची शिस्त, ठरलेली भूमिका आणि दर सभेला समोर बसणारे श्रोते, एवढं सगळं एका ठिकाणी देणारी सोय आपल्याकडे फार थोडी आहे.

तरीही या तीन भागांत खरं शिक्षण मूल्यमापनातच दडलेलं आहे, कारण बोलणाऱ्याला स्वतःचं बोलणं नीट दिसत नाही. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं आढळलं, की आपली घबराट समोरच्यांना जितकी जाणवते असं वक्त्याला वाटतं, तितकी ती प्रत्यक्षात जाणवत नाही. ही गोष्ट ज्यांना आधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं त्यांना स्वतःला आणि ऐकणाऱ्यांनाही अधिक चांगली वाटली. म्हणजे थरथरणारे हात, कोरडा घसा या ज्या गोष्टींवर वक्ता रात्रभर विचार करतो, त्या श्रोत्यांनी बहुधा पाहिलेल्याच नसतात. उलट विषय तिसऱ्या मिनिटापर्यंत कळलाच नाही, ही जी गोष्ट श्रोत्यांनी सोसली, तिचा वक्त्याला पत्ता नसतो. ही दरी दुसऱ्याच्या कानानेच भरून निघते. अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. लोक त्यातले सरावाचे तास तेवढे लक्षात ठेवतात. पण कुठे चुकतंय हे कळून नेमकं तेच सुधारण्यासाठी केलेला सराव, हा त्या मांडणीचा गाभा होता. नुसती वारंवारता सवय पक्की करते, आणि ती सवय चुकीचीही असू शकते.

मग इतक्या चांगल्या पद्धतीतलं मूल्यमापन सैल का पडतं? माणसं वाईट असतात म्हणून मुळीच नाही. आज मी ज्याचं मूल्यमापन करतो, तो पुढच्या सभेत माझं करणार असतो, आणि अशा नात्यात दोघेही नकळत एकमेकांना सांभाळून घेतात. तालमीतल्या जोडीदाराने अंग राखून कुस्ती धरली तर दोघांचीही ताकद वाढत नाही, तसंच हे आहे. त्यात क्लबची स्वतःची गणितंही असतात. टोस्टमास्टर्समध्ये क्लबच्या वार्षिक कामगिरीसाठी दहा उद्दिष्टं ठरलेली आहेत. किती सभासदांनी अभ्यासक्रमाचे टप्पे पूर्ण केले, नवे सभासद किती आले, पदाधिकाऱ्यांचं प्रशिक्षण झालं का, वर्गणी वेळेत भरली का, असा तो हिशेब असतो. संस्था टिकवायला तो लागतो, हे मान्य. पण त्यात भाषण झालं याची नोंद होते, भाषण सुधारलं का याची होत नाही. वर्गणी दर सहा महिन्यांनी डॉलरच्या हिशेबात भरायची असते, त्यामुळे सभासद नाराज होऊन गेला तर क्लबलाच चिंता. अशा वेळी गोड बोलणं सगळ्यांच्याच सोयीचं ठरतं.

गोड बोलण्याने निदान नुकसान तरी होत नाही, असं कुणी म्हणेल. पण तेही खरं नाही. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी यांनी 1996 मध्ये अभिप्रायांवरच्या संशोधनातले सहाशेहून अधिक निष्कर्ष एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असं दिसलं, मात्र एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी घसरली होती. त्यांचं स्पष्टीकरण असं, की अभिप्रायाने लक्ष हातातल्या कामावरून उडून स्वतःवर, आपण किती चांगले किंवा वाईट यावर गेलं, की त्याचा उपयोग कमी होत जातो. ‘तू फार आत्मविश्वासाने बोललीस’ हे वाक्य नेमकं हेच करतं. समजा, कुणी सोसायटीच्या पुनर्विकासावर सात मिनिटं बोललं. एक मूल्यमापक म्हणतो, ‘आवाज दमदार, हातवारे सुरेख, विषय समाजोपयोगी, अभिनंदन.’ दुसरा म्हणतो, ‘पहिली दोन मिनिटं इमारतीच्या इतिहासात गेली आणि मागच्या रांगेतले दोघे मोबाइल बघायला लागले. तुम्ही संमतिपत्रावर सही करण्याआधी काय वाचावं हे सांगायला लागलात, तेव्हा तेच दोघे सरसावून बसले. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करा.’ पहिल्याचं बोलणं ऐकून घरी जाताना बरं वाटतं. दुसऱ्याचं ऐकून पुढचं भाषण बदलतं.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा, की नवखा माणूस आधीच घाबरलेला असतो, त्याला पहिल्याच दिवशी दोष दाखवले तर तो पुन्हा फिरकणार नाही. आक्षेपातली काळजी योग्य आहे, पण तिच्यात नेमकेपणा आणि कठोरपणा यांची गल्लत आहे. वरच्या उदाहरणातल्या दुसऱ्या मूल्यमापकाने एकही टोचणारा शब्द वापरलेला नाही. उलट आपलं भाषण कुणीतरी इतक्या लक्षपूर्वक ऐकलं, हाच नवख्याला मोठा धीर असतो. पहिल्या भाषणाला एकच सुधारणा सांगावी, ती करता येण्याजोगी असावी, आणि पुढच्या वेळी ती झाली का हे कुणीतरी आठवणीने पाहावं, एवढं पथ्य पाळलं तर सौम्यपणाही राहतो आणि शिक्षणही होतं. दुसरा आक्षेप हल्ली ऐकू येतो तो मोबाइलच्या अ‍ॅपचा. भर शब्द मोजायला, वेग दाखवायला अ‍ॅप पुरेसं असेल तर क्लब कशाला? मोजणीपुरतं ते उपयोगी आहे, जरूर वापरावं. पण आपला मुद्दा समोरच्याला पटला का, तो कुठे कंटाळला, कुठे दुखावला, हे त्या खोलीत बसलेला माणूसच सांगू शकतो.

तिसरा आक्षेप वेगळ्या बाजूने येतो. क्लब हा सरावापुरता असतो, तिथे विषय कोणता याला महत्त्व नाही, असं म्हणतात. मला हे पटत नाही, आणि आपली परंपराही याच्या विरुद्ध साक्ष देते. मुंबईत 1848 मध्ये एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी निघाली आणि तिच्या मराठी शाखेला उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा म्हणत. निबंध वाचायचा आणि त्यावर चर्चा करायची, असा तिथला शिरस्ता होता. त्या मंडळींनी 1849 मध्ये मुलींच्या शाळा सुरू केल्या. पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या संस्थेचं नावच वक्तृत्वोत्तेजक सभा आहे. बोलण्याची कला आणि बोलण्याजोगा विषय यांची फारकत या लोकांनी केली नाही. ज्या विषयात आपलं काही पणाला लागलेलं आहे, त्यावर बोलताना शब्द शोधावे लागतात, मुद्द्यांचा क्रम लावावा लागतो, विरोधी मत गृहीत धरावं लागतं. तीच खरी तालीम. ‘माझा आवडता प्रवास’ यावर दहा भाषणं करून ती घडत नाही. भाषेचंही तसंच आहे. नोकरीसाठी इंग्रजी हवं असेल तर त्यात संकोच कशाला? पण जगभर हे क्लब अनेक भाषांत चालतात, त्यामुळे मराठीतली किंवा दोन्ही भाषांतली सभा सुचवायला काही हरकत नसावी. मराठीत मुद्दा बांधता आला नाही, तर इंग्रजीतही तो बांधला जाणार नाही.

म्हणून क्लब शोधणाऱ्यांना माझं सांगणं असं. आधी पाहुणे म्हणून जा, त्याला सहसा पैसे लागत नाहीत, आणि एकाच नाही तर दोन-तीन क्लबांच्या सभांना बसा. भाषणांकडे थोडं कमी आणि मूल्यमापनाकडे जास्त लक्ष द्या. मूल्यमापकाने भाषणातलं एखादं वाक्य, एखादी जागा नेमकी दाखवली का? करता येईल अशी एक तरी सूचना दिली का? जुन्या सभासदाच्या भाषणाबद्दलही तेवढ्याच मोकळेपणाने बोलला का? तीनपैकी दोन प्रश्नांचं उत्तर नकारार्थी आलं, तर हॉल कितीही चकचकीत असो, दुसरा क्लब पाहा. सभासद झाल्यावर मूल्यमापकाची भूमिका मागून घ्या, कारण दुसऱ्याचं भाषण उलगडून पाहताना आपल्या भाषणाची बांधणी कळते. बोलायच्या आधीच मूल्यमापकाला सांगून ठेवा, ‘आज माझी सुरुवात तेवढी बघा.’ मिळालेल्या सूचना वहीत लिहा, आणि तीच सूचना तीनदा आली तर नवं भाषण थांबवून जुनंच पुन्हा करा. पदं आणि स्पर्धा येतील, त्यात गैर काही नाही, पण बोलण्याच्या तयारीचा वेळ त्या खाऊ लागल्या तर हात आखडता घ्या. आणि दर सहा महिन्यांनी, वर्गणी पुन्हा भरण्याआधी, क्लबबाहेर एक परीक्षा द्या: कंपनीतलं सादरीकरण, मुलांच्या शाळेतली पालकसभा किंवा सोसायटीची सर्वसाधारण सभा. तिथे टाळ्या वाजवायला कुणी बांधील नसतं. तिथे तुमचा मुद्दा लोकांनी ऐकून घेतला, त्यावर प्रश्न विचारले, तर वर्गणी बिनधास्त भरा.