क्लचमधली हवा

विहिरीवरचा पंप सुरू केला. पण पाणी येईना. का बरे? पंपात हवा धरली. मग आपण पंपात पाणी भरतो, हवा बाहेर घालवतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मोटारीच्या क्लचमध्येही अशीच हवा धरते.

काही हौशी माणसे घरीच मोटार बनवतात. सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे. तिथल्या एका लोहाराने भंगारातून छोटी जीप बनवली. २०२२ साली महिंद्र कंपनीने ती घेऊन त्याला बोलेरो गाडी दिली. घरी बनवलेल्या गाडीचा क्लच तारेचा असतो, नाहीतर तेलाचा. हा पाठ तेलाच्या क्लचचा आहे.

इंजिन आणि गिअर यांची जोडी घटकाभर सोडवणे, हे क्लचचे काम. पायडल दाबले की वरच्या सिलिंडरातले तेल नळीतून खालच्या सिलिंडरात जाते. तिथे ते दांडा ढकलते. क्लच सुटतो. तेल दाबले तरी आकसत नाही. हवा मात्र आकसते. नळीत हवा असली, की पायाचा जोर तिथेच जिरतो. पायडल पोकळ लागते. गिअर टाकताना खरखर होते. क्लच नीट सुटत नाही आणि गाडी एकदम पुढे उडी घेते. समोर मूल उभे असले तर? म्हणून हवा काढलीच पाहिजे.

या कामाला दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद ठेवा. चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका.

वरच्या डबीत ब्रेक ऑइल भरा. झाकणावर लिहिलेल्या जातीचेच घ्या. डबा नवा, सीलबंद असावा. इंजिनाचे तेल घालू नका. त्याने आतले रबरी वायसर फुगतात.

खालच्या सिलिंडरावर हवा काढायचा निपल असतो. त्यावर पारदर्शक नळी बसवा. तिचे दुसरे टोक बाटलीतल्या तेलात बुडवा.

आता वरचा माणूस पायडल सावकाश दाबील, दाबूनच धरील आणि म्हणेल, "दाबला!" खालचा माणूस पान्याने निपल अर्धा आटा सैल करील. तेलाबरोबर बुडबुडे येतील. निपल बंद करून तो म्हणेल, "सोडा!" मगच पाय उचलायचा. आधी उचलला, तर हवा परत आत ओढली जाते.

असे पुन्हा पुन्हा करा. मधून मधून डबीत तेल घाला. डबी रिकामी झाली, की सगळी मेहनत वाया. बुडबुडे थांबले, पायडल घट्ट लागले, म्हणजे काम झाले. निपल बेताने आवळा. फार जोर केला तर तुटतो.

हवा परत परत धरते? मग कुठेतरी गळती आहे. वायसर व जोड तपासा. नळीला मध्येच उंच बाक असला, तर हवा तिथे अडकून बसते. तो काढा.

हे तेल रंग खाते. सांडले तर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने डोळे धुऊन दवाखाना गाठा.

आणि एक ध्यानात ठेवा. आर.टी.ओ.त नोंदणी झाल्याशिवाय घरची गाडी रस्त्यावर आणू नये.

सांगा पाहू :
१. हवा आणि तेल यांत फरक काय?
२. पाय केव्हा उचलायचा?
३. इंजिनाचे तेल का घालू नये?