एक बाहुली मोठी का?

श्रावणातल्या एका सोमवारी आमच्या प्रयोगशाळेत अकरावीचा एक विद्यार्थी व्हर्निअर कॅलिपर्स डोळ्यांपुढे मागेपुढे करीत उभा होता. "सर, उजव्या डोळ्याला रेघा पुसट दिसतात," तो म्हणाला. त्याला खिडकीशी नेऊन पाहिले, तर उजवी बाहुली वाटाण्याएवढी आणि डावी मसुरीहूनही लहान! मी पदार्थविज्ञानाचा माणूस. घाबरलो, आणि त्याला घेऊन थेट नेत्रवैद्यांकडे गेलो. तेथे जे पाहिले तो मला तर्कशास्त्राचाच एक सुरेख धडा वाटला.

विद्यार्थी मित्रांनो, बाहुली म्हणजे बुबुळाच्या मधले भोक. बुबुळात दोन स्नायू असतात. एक भोकाभोवती कड्यासारखा. बटव्याची नाडी ओढावी तसा तो भोक आवळतो. दुसऱ्याचे तंतू चाकाच्या आऱ्यांसारखे; ते भोक रुंद करतात. हृदयाचे ठोके, घाम, पचन ही कामे आपल्याला न विचारता चालविणारी जी स्वायत्त चेतासंस्था, तिच्या दोन शाखांकडे हे स्नायू वाटून दिलेले आहेत. कडे परानुकंपी शाखेकडे, आरे अनुकंपी शाखेकडे. भीती वाटली की बाहुल्या मोठ्या होतात, त्या अनुकंपी शाखेच्या जोरामुळे. तरुण माणसाची बाहुली लख्ख उजेडात सुमारे २ मिलिमीटर, तर काळोखात ८ मिलिमीटरपर्यंत असते. व्यास चौपट, म्हणजे आत येणारा प्रकाश १६ पट.

एक प्रयोग घरी करून पाहा. उजेडात आरशासमोर बसा आणि डावा डोळा तळहाताने झाका. उघड्या उजव्या डोळ्याची बाहुली किंचित मोठी होईल. हात काढताच ती आकसेल. एका डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाची वर्दी मेंदू दोन्ही बाहुल्यांना देतो, म्हणून असे होते. (सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका.)

आता डॉक्टरांकडे वळू. त्यांनी मला विचारले, "सर, यातली बिघडलेली बाहुली कोणती?" मी अर्थातच मोठी म्हणालो. "कशावरून? लहानच बिघडलेली नसेल कशावरून?" एवढे बोलून त्यांनी खोलीतला दिवा घालविला आणि मंद प्रकाशात दोन्ही बाहुल्या मोजल्या.

यातली युक्ती अशी. उजेडात काम असते कड्याचे. ते दुबळे असेल, तर ती बाहुली आकसत नाही आणि दोहोंतला फरक उजेडात वाढतो. म्हणजे दोष मोठीचा. अंधारात काम असते आऱ्यांचे. ते दुबळे असतील, तर ती बाहुली रुंदावत नाही आणि फरक अंधारात वाढतो; म्हणजे दोष लहानीचा. हॉर्नर या स्विस नेत्रवैद्याने १८६९ मध्ये वर्णिलेल्या विकारात असेच होते: बाहुली लहान, वरची पापणी किंचित खाली आलेली. फरक १ मिलिमीटरहून कमी आणि उजेड-अंधारात सारखाच असेल, तर बहुधा काळजीचे कारण नसते. निरोगी माणसांतही सुमारे पाचांत एकाला तो असतो.

आमच्या विद्यार्थ्याचा फरक अंधारात जवळजवळ नाहीसा झाला. म्हणजे उजवे कडेच निकामी! पण का? कड्याकडे जाणारी चेता मेंदूजवळ दाबली गेली असेल, तर धोका मोठा. डोक्याला मार लागल्यावर एक बाहुली मोठी होऊन माणूस गुंगू लागला, तर त्याला क्षणही न दवडता रुग्णालयात नेतात, ते याचसाठी. दुसरी शक्यता एडीच्या बाहुलीची. डोळ्यामागच्या चेतागुच्छाला इजा झाल्याने ही बाहुली उजेडात मोठीच राहते. ती बहुधा तरुण स्त्रियांत आढळते आणि पुष्कळदा गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावलेली असते. एडी व होम्स या डॉक्टरांनी १९३१ मध्ये तिचे वर्णन केले.

यांतला भेद पायलोकार्पीन या औषधाने कळतो. ते चेतेला वगळून थेट कड्यालाच आवळायला लावते. एडीच्या बाहुलीचे कडे संदेशांना इतके आसुसलेले असते, की ०.१ टक्का द्रावणाच्या थेंबानेही ते आवळते. निरोगी डोळ्यावर एवढ्याने फारसा परिणाम होत नाही. चेता दाबली गेली असेल, तर १ टक्का द्रावण पुरते. आमच्या विद्यार्थ्याचे कडे मात्र दोन्हींना दाद देईना. अर्थ एकच: संदेश घेणारी जागाच कशाने तरी अडविलेली होती.

"सकाळी काय काय केलेस?" डॉक्टरांनी विचारले. महादेवाला वाहण्यासाठी त्याने धोतऱ्याची फुले-फळे तोडली होती आणि त्याच हाताने डोळा चोळला होता. धोतऱ्यातले ॲट्रोपीन कड्याला मिळणारा संदेश अडविते आणि भिंगाची वक्रता बदलणाऱ्या स्नायूलाही थोपविते. जवळच्या रेघा पुसट दिसल्या त्या त्यामुळे. शेतात फवारायच्या काही कीटकनाशकांचा परिणाम नेमका उलटा, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी करणारा. त्या विषबाधेवर डॉक्टर ॲट्रोपीनच टोचतात.

चार दिवसांनी तो मुलगा परत आला आणि दोन्ही डोळ्यांनी व्हर्निअर वाचून गेला. फुले तोडल्यावर हात धुतोस का, असे मी विचारले, तेव्हा मात्र तो नुसताच हसला.