पन्नाशीतच आलेले वार्धक्य



या अंकातील अभ्यासासाठी आपण बेघर माणसांच्या जर्जरतेचा विषय घेतला आहे. जर्जरता हा एखादा रोग नव्हे. शरीरातील राखीव ताकद इतकी घटते की साधा तापही माणसाला अंथरुणाला खिळवतो. 2001 मध्ये अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची पाच लक्षणे मांडली: आपोआप वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड कमजोर होणे, चाल मंदावणे व हालचाल कमी होणे. यांपैकी तीन आढळल्यास ती व्यक्ती जर्जर समजावी.

लंडनमधील बेघरांच्या एका वसतिगृहात 33 रहिवाशांची तपासणी झाली. 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांचे सरासरी वय सुमारे 56 होते. जर्जरता मात्र इतर समाजातील 89 वर्षांच्या माणसांइतकी! असे का होते?

1. अपुरा आहार: चहा-पावावर भूक भागते, पण प्रथिने मिळत नाहीत आणि स्नायू झिजतात.
2. तुटक झोप: थंडी, गोंगाट, चोरीची व मारहाणीची भीती.
3. अंगावर काढलेले आजार: मधुमेह, दमा, दुखरे दात. गोळ्या कोरड्या ठेवायलाही जागा नसते.
4. व्यसन: दारू व तंबाखू शरीर आणखी पोखरतात.
5. एकटेपणा: ‘दवाखान्यात चल’ म्हणणारे कोणी नसते.

ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. दात दुखतात म्हणून खाणे कमी होते. खाणे घटले की ताकद जाते. ताकद गेली की दवाखान्याच्या रांगेत उभे राहवत नाही.

आपल्या देशात 2007 च्या कायद्यानुसार 60 वर्षांची व्यक्ती ज्येष्ठ नागरिक ठरते. कामासाठी पाडा सोडून शहरात आलेला आणि पुलाखाली झोपणारा 52 वर्षांचा मजूर शरीराने कितीही थकला तरी त्यात बसत नाही. म्हणून मदत करताना केवळ वय विचारू नये. हात न टेकता त्याला उठता येते का? कपडे सैल झाले आहेत का? चार पावलांत धाप लागते का? हे पाहावे. वेळीच निवारा, डाळ-अंड्यांसारखा सकस आहार, औषधोपचार व थोडा व्यायाम मिळाल्यास गेलेली ताकद बरीच परत येऊ शकते.

चर्चेसाठी प्रश्न: आपल्या परिसरात रात्री उघड्यावर कोण झोपते? त्यांना दवाखान्यापर्यंत सोबत कोण करील?